महायुद्धात व्यापारी बोटींवर गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक कुठे आहे? सामान्य माणसाने त्यांची आठवण कशी ठेवावी?

स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून जास्त आणि दुसऱ्यातले सहा हजारांहून जास्त भारतीय नाविक तिथे नोंदलेले आहेत, नौदलातले आणि व्यापारी बोटींवरचे मिळून. कोलकात्याला हुगळीच्या काठी 896 लास्करांसाठी, म्हणजे ब्रिटिश बोटींवरच्या आपल्या खलाशांसाठी, 1924 साली उभारलेलं स्मारक आहे. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी नाविकांची सुमारे 36 हजार नावं कोरलेली आहेत, पण आपला माणूस तिथे सापडायची शक्यता फार कमी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी बोटींवर साधारण दर चौघांत एक भारतीय होता, तरी त्यांतल्या बुडालेल्या बहुतेकांची नावं मुंबई आणि चितगावच्या यादीत गेली.

आठवण कशी ठेवावी याबद्दल मात्र मी फक्त घरचंच सांगू शकते.

माझे पणजोबा 'तिलावा' बोटीवर खलाशी होते. नोव्हेंबर 1942 मध्ये ती मुंबईहून मोंबासा, डर्बनकडे निघाली. बोटीवर 958 माणसं होती, बहुतेक प्रवासी आपलेच, आफ्रिकेत पोटापाण्यासाठी चाललेले. 23 तारखेला मध्यरात्रीनंतर सेशेल्सच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. होड्या पाण्यात उतरल्या, काही लोक पुन्हा बोटीवर चढायला लागले, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. 280 जण गेले.

घरी कळलं ते इतकंच की माणूस बेपत्ता आहे. पणजीने बारा वर्षं कुंकू लावलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, असं तिला सांगितलेलं होतं. 1954 साली आजोबांनी, तेव्हा बावीस वर्षांच्या मुलाने, दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. तारीख कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, म्हणून तेव्हापासून पानात घास पडतो तो सर्वपित्रीला, इतर सगळ्या पितरांबरोबर.

मी महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव शोधत बसले. तीन रात्री काहीच मिळालं नाही. मग माणसाचं नाव सोडून बोटीच्या नावाने शोधलं आणि सापडले. स्पेलिंग असं की उच्चारून पाहिल्याशिवाय ओळखू येऊ नये. पण पुढे पणजीचं नाव होतं आणि 23 नोव्हेंबर 1942 ही तारीख. जुनं पंचांग काढून पाहिलं. आदल्या दिवशी, 22 तारखेला, त्रिपुरी पौर्णिमा होती. आमच्या गावात त्या संध्याकाळी दीपमाळ पेटलेली असणार, पणजी दिवा लावून आली असणार.

मी काकांना म्हटलं, आता दिवस कळलाय, तर तो पाळूया. काका म्हणाले, "सर्वपित्रीला करतो तेवढं पुरे. ते काय लढायला गेले होते? पगारासाठी गेले होते, तेही इंग्रजांच्या बोटीवर."

काका, पगार सैनिकही घेतात. पणजोबांसारख्यांना गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा पगार मिळायचा. 1939 साली युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय खलाशांनी याच कारणासाठी परदेशी बंदरांत संप केले, कित्येक जण तुरुंगातही गेले. खाली पाणबुड्या आहेत हे माहीत असताना हीच माणसं पुन्हा बोटीवर चढत होती. आणि बोट इंग्रजांची होती हे खरं, पण तिच्यावरच्या होड्या कुणाला वाचवायला उतरवल्या, तेही बघा.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. तिलावावर चांदीच्या 2,364 विटा होत्या. 2017 साली त्या अडीच किलोमीटर खोल समुद्रातून वर काढल्या आणि त्या कुणाच्या यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला, निकाल 2024 मध्ये लागला. विटान् वीट मोजलेली आहे. पणजोबांचं नाव मात्र मला घरी बसून शोधावं लागलं.

5 एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाला हार घालून हे काम होत नाही. तो दिवस 1919 साली भारतीय मालकीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली त्याचा. चांगलाच दिवस आहे, पण बुडालेल्यांचा नाही. ब्रिटनमध्ये 3 सप्टेंबरला व्यापारी नाविकांचा दिवस पाळतात, कारण 1939 मध्ये त्याच तारखेला 'अथेनिया' या ब्रिटिश प्रवासी बोटीवर टॉर्पेडो बसला. मला विचाराल तर ज्या दिवशी आपल्या माणसाची बोट बुडाली, तोच दिवस धरावा.

तिथीचं जे लिहिलं ते आमच्या घरापुरतं. कोकणातून डेकवर गेलेल्यांत मुसलमान खूप होते, गोव्याचे ख्रिस्ती खानसामे होते, त्यांची रीत त्यांची. यादीतही सगळीच नावं असतील असं नाही. नाव मिळालं नाही तर घरातली जुनी पत्रं, पाकिटं, पोस्टाचे शिक्के बघा. आमच्याकडे बोटीचं नाव एका मनीऑर्डरच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं होतं, पणजीने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं.

यंदाही त्रिपुरीला मी गावी असेन. काका, दीपमाळेच्या खालच्या पायरीवर एक पणती वेगळी ठेवते. तेल तुम्ही घाला.