पाच माणसांच्या घरासाठी हायब्रिड सेडान घ्यावी का? बॅटरीची भीती कितपत खरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज जाऊन-येऊन 35 किलोमीटर, तेही बहुतेक गर्दीतून, महिन्यातून एखादा 300 किलोमीटरचा प्रवास, घरात पाच माणसं, त्यात आईंना मागच्या सीटवर मळमळतं, घरी चार्जिंगची सोय नाही. हायब्रिड सेडान परवडेल का, आणि बॅटरी गेली तर काय?

मी सात वर्षं अशी गाडी चालवते आहे, 1,30,000 किलोमीटर झाले. तुमचा वापर पाहता मी ‘घ्या’ म्हणेन. पण कारण समजून घ्या, कारण तेच कारण वेगळ्या वापराच्या माणसाला ‘नको’ म्हणायला लावतं.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. ही गाडी ब्रेकवर कमावते. 1,600 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात साधारण 220 किलोज्यूल ऊर्जा असते. ती मिळवायला तुम्ही पेट्रोल जाळलेलं असतं. साध्या गाडीत सिग्नल लागला की ती सगळी ब्रेक पॅड आणि डिस्क तापवून हवेत जाते, आणि सिग्नल सुटला की पुन्हा पेट्रोल जाळून तेवढीच ऊर्जा उभी करायची. हायब्रिडमध्ये ब्रेकवर पाय ठेवला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत जाते. सगळी परत मिळत नाही, वाटेत काही गळतेच. पण जी हाती लागते तिच्यावर पुढच्या वेळी गाडी इंजिन सुरू न करता जागेवरून हलते. चार्जिंगचा पॉइंट यासाठी लागत नाही. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते, फक्त ती एकदा वापरून फेकून दिली जात नाही.

म्हणून जिथे थांबावं लागतं तिथे हायब्रिडचा फायदा मोठा. माझी गाडी गर्दीत लिटरला 22-23 किलोमीटर देते. हायवेला शंभरच्या वेगाने 20, आणि 120 च्या वर सतत ठेवली तर 16-17. आधीची त्याच आकाराची पेट्रोल सेडान गर्दीत 10-11 आणि हायवेला 15-16 द्यायची. फरक कुठे पडला ते बघा: शहरात दुप्पट, मोकळ्या रस्त्यावर थोडासाच. कुणी रोज दीडशे किलोमीटर सरळ हायवेने जात असेल तर मी त्याला जास्तीचे पैसे घालू नकोस असंच सांगेन.

हायवेला जो थोडा फायदा उरतो तो इंजिनाच्या रचनेमुळे. बहुतेक हायब्रिडमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालणारं इंजिन असतं. जेम्स अ‍ॅटकिन्सनने 1882 साली काढलेल्या कल्पनेचं हे आजचं रूप. आत हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे हवा कमी दाबली जाते पण पेटलेला वायू पूर्ण पसरतो. थेंबाथेंबातून जास्त काम निघतं. चांगल्या हायब्रिड इंजिनाची कमाल कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या आसपास जाते. मात्र असं इंजिन कमी वेगावर मिळमिळीत असतं. एकट्यावर गाडी चालवली असती तर पिकअपच्या नावाने सगळ्यांनी बोटं मोडली असती. ती उणीव मोटर भरून काढते, कारण तिचा जोर शून्यापासून हजर असतो. मला ही जोडी फार आवडते. एकाची कमजोरी जिथे आहे तिथेच दुसऱ्याची ताकद आहे.

चालवायला वेगळी वाटते का, तर पहिला महिनाभर वाटते. टोयोटाने 1997 मध्ये प्रियस आणली तेव्हापासून त्यांच्या बहुतेक हायब्रिडमध्ये इंजिन आणि दोन मोटरी ग्रहमालेसारख्या एका गिअरसंचाने जोडलेल्या असतात. पुढे त्यांच्या कॅमरी या सेडानमध्येही तेच तत्त्व आलं. होंडाच्या अलीकडच्या दोन मोटरींच्या रचनेत इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करतं, चाकं मोटर फिरवते, आणि हायवेच्या वेगाला एक क्लच बसून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. दोन्हीत नेहमीसारखे पडणारे गिअर नाहीत. त्यामुळे ओव्हरटेकसाठी जोरात दाबलंत की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि तिथेच राहतो, वेग मात्र त्याच्या मागून वाढत जातो. सवय होईपर्यंत गाडीवर काहीतरी ताण पडतोय असं वाटतं. तसं काही नसतं, इंजिन त्या क्षणी सर्वांत सोयीच्या फेऱ्यांवर ठेवलेलं असतं.

सवयी मात्र बदलाव्या लागतात. मी सुरुवातीला पेट्रोल वाचवायचं म्हणून अगदी कासवगतीने निघायचे, इंजिन लागूच नये म्हणून. त्याने बॅटरी उतरायची, मग ती भरायला इंजिन अवेळी लागायचं आणि अ‍ॅव्हरेज उलट पडायचं. आता मी मोकळेपणाने निघते, हव्या त्या वेगाला पोचते आणि पाय सैल सोडते. इंजिन आपोआप बंद होतं. सगळं कसब थांबण्यात आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच हलका ब्रेक लावायचा आणि तसाच धरून ठेवायचा. मोटर ठरावीक मर्यादेपर्यंतच ऊर्जा गोळा करू शकते. शेवटच्या क्षणी कचकन दाबलात तर वरचं काम साध्या ब्रेकना करावं लागतं आणि तेवढी कमाई गेली. सिग्नलला न्यूट्रल करायची सवय असेल तर तीही सोडा. माझ्या गाडीत न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही, आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये तसंच आहे.

घाटाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, कारण इथे लोक गाफील राहतात. हायब्रिडची बॅटरी लहान असते, साधारण एक ते दीड किलोवॅट-तासाची. त्यातलाही मधलाच भाग वापरला जातो. 1,600 किलोची गाडी 300 मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा 1.3 किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. म्हणजे लांब उतारावर बॅटरी निम्म्या वाटेतच भरते, आणि त्यानंतर मोटर गाडीला पूर्वीसारखी रोखू शकत नाही. तेव्हा गिअरच्या दांड्यावरचं ‘बी’ किंवा तुमच्या गाडीत जे असेल ते वापरून इंजिनाचा अडथळा घ्यायचा. इंजिन मोठ्याने घुमायला लागेल, घुमू द्या. ब्रेक थंड राहतात. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’मध्ये ठेवून काही जास्त मिळत नाही.

आता तुमची खरी काळजी, बॅटरी. मी गाडी घेतली तेव्हा घरात, ओळखीत सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मोठ्या बॅटरीने मला सात वर्षांत एकदाही त्रास दिलेला नाही. त्याचं कारण गाडीच्या वागण्यात आहे: ती बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी रिकामी होऊ देत नाही. फोनची बॅटरी आपण शंभरवरून शून्यावर आणतो, तशी ओढाताण इथे होत नाही. शिवाय तिच्यावर सहसा गाडीपेक्षा वेगळी आणि लांब वॉरंटी असते. ती किती वर्षं, किती किलोमीटर आणि कोणत्या अटींवर, हे सही करण्याआधी कागदावर वाचा.

तिचा शत्रू उष्णता आहे. बऱ्याच सेडानमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते आणि पंखा गाडीतलीच हवा ओढून तिला थंड ठेवतो. सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी दिसेल. त्या जाळीसमोर पिशव्या, चादरी, मुलांची दप्तरं ठेवायची नाहीत. जाळीमागे फिल्टर असेल तर तो साफ करून घ्यायचा. आमच्या फिल्टरमधून पहिल्या वेळी केस आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा निघाला होता. सर्व्हिसिंगच्या यादीत हे काम नसेल तर स्वतः सांगून करून घ्या. जुनी हायब्रिड बघायला गेलात तर मी म्हणेन सर्वांत आधी ती जाळी बघा. मालकाने गाडी कशी सांभाळली ते तिथे कळतं.

मला रस्त्यात अडकवलं ते छोट्या बॅटरीने. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीबरोबर साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते. दिवे, लॉक, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विचही तीच चालू करते. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. आजारपणामुळे आमची गाडी पाच आठवडे उभी होती. मी गेले तर लॉकसुद्धा उघडेना. रिमोटच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, तर ती बॅटरी डिकीत, आणि डिकीचं लॉक विजेवरचं! शेवटी बॉनेटखाली जंप (म्हणजे बाहेरच्या बॅटरीची वीज) देण्यासाठी वेगळा टर्मिनल असतो हे पुस्तिकेत सापडलं आणि गाडी जागी झाली. तेव्हापासून गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती सुरू करून तासभर ठेवते. सुरू म्हणजे डॅशबोर्डवर ‘रेडी’ लागलं पाहिजे. नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर बॅटरी भरत नाही, उलट उतरते. बदलताना त्याच प्रकारची बॅटरी घ्या; डिकीत किंवा केबिनमध्ये बसणारी बॅटरी वेगळ्या बांधणीची असते, कुठलीही बसवून चालत नाही. आणि हायब्रिडवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका, बहुतेक कंपन्या स्पष्ट मनाई करतात.

तसंच गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका; चाकं फिरली की मोटर फिरते. उचलून नेणारा ट्रक मागवा. टाकीही कोरडी होऊ देऊ नका. पेट्रोल संपल्यावर ‘बॅटरीवर जाऊ थोडं’ म्हणत गाडी रेटली तर मोठी बॅटरी इतकी उतरू शकते की मामला साध्या मेकॅनिकच्या हाताबाहेर जातो.

बाकी देखभाल हलकी आहे. माझ्या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो. ब्रेक पॅड लाखभर किलोमीटरला निम्मेसुद्धा झिजले नव्हते. पण ब्रेक कमी वापरले जातात म्हणून ते अडकतात: ओलीत उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना घट्ट होतात. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरसाठी वेगळा कूलंट (थंड ठेवणारं द्रव) असेल तर त्याचीही पातळी बघायची. नारिंगी वेष्टणाच्या केबल मात्र कुणालाही हाताळू देऊ नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकने हायब्रिडचं काम शिकलेलं आहे का, हे गाडी घेण्याआधी विचारून ठेवा. मला वाटतं बॅटरीच्या किमतीपेक्षाही हा प्रश्न मोठा आहे.

तुमच्या 35 किलोमीटरमध्ये एकेक फेरी सतरा-अठराची पडते, ते चांगलं आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असत्या तर मी हात आखडता घेतला असता. थंड गाडी सुरू केली की इंजिन पहिली काही मिनिटं लागतंच, स्वतः गरम व्हायला आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला. त्या मिनिटांतच पोचलात तर हायब्रिड असून नसल्यासारखी.

आता आईंबद्दल. माझी सासूबाई कुठल्याही गाडीत अर्ध्या तासात खिडकी उघडायला सांगायच्या. या गाडीत त्यांचा त्रास कमी झाला. गिअर बदलताना बसणारे हिसके नाहीत, सिग्नलला इंजिनाची थरथर नाही, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं. पण पहिल्या महिन्यात माझ्या ब्रेकमुळे त्यांना जास्त मळमळलं होतं. मोटरचं रोखणं संपून साधे ब्रेक लागतात तिथे, अगदी थांबताना, पाय किंचित उचलावा लागतो, नाहीतर गाडी मान खाली घालते. प्रत्येक मॉडेलमध्ये हे वेगळं असतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा, मोकळ्या रस्त्याऐवजी ऐन गर्दीची वेळ मागा, आणि निम्मा वेळ तुम्ही स्वतः मागे बसा. तिघं मागे बसवून गुडघे, डोकं, मधल्या माणसाची सीट आणि डिकीत बॅटरीने किती जागा खाल्ली आहे, तेही त्याच दिवशी बघून घ्या.