कोहेन ऐकायला सुरुवात करताय?

आवाज सपाट वाटला म्हणून लगेच सोडू नका. कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेन पहिल्यांदा ऐकताना बऱ्याच जणांना तसंच वाटतं. हा माणूस आधी कवी. पहिला कवितासंग्रह १९५६ चा, पहिला अल्बम थेट १९६७ चा. त्यामुळे ताना-हरकती शोधू नका. तो शब्द कुठे टाकतो, कुठे थांबतो तिकडे कान द्या. मागून येणारे बायकांचे स्वरही ऐका, त्यांच्यामुळेच त्याचा आवाज उठून दिसतो. मला तर ती जोडी फार आवडते!

सुरुवातीला एवढंच:

- १९६७ चा पहिला अल्बम हेडफोन लावून सलग ऐका.
- मग एकदम १९८८ चा ‘आयम युअर मॅन’. आवाज पार खर्जात उतरलेला, गिटारऐवजी सिंथेसायझर.
- गाण्याचे शब्द दुसऱ्या खेपेला समोर घ्या, पहिल्या नाही.

नवखे हमखास चुकतात ते त्याच्या ‘हॅलेलुया’ या गाण्यापाशी. इतरांनी गायलेलं आधी ऐकून मूळ गाणं फिकं ठरवतात. आणि कामं करता करता मागे लावून ठेवतात, तिथे तर कोहेन निसटतोच.

बायबलचे संदर्भ, चरित्र, शेवटचे अल्बम सध्या राहू द्या. एखादी ओळ कळली नाही तर पुढे जा.