स्क्रीन बंद झाली की फोन नेटवर्कवरून गायब: स्वतः उभारलेल्या ॲक्सेस पॉइंटवर पॉवर सेव्हची अडचण कशी शोधावी

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते. छोट्या लिनक्स बोर्डाला यूएसबी वायफाय अडॅप्टर लावून होस्टएपीडी या प्रोग्रामवर ॲक्सेस पॉइंट (इतरांना वायफाय पुरवणारं केंद्र) उभा केलाय. फोन लगेच जोडले जातात, वेगही चांगला मिळतो. पण स्क्रीन बंद होऊन काही मिनिटं गेली की वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून फोनला पिंग (उत्तर मागणारं छोटं पॅकेट) लागत नाही, मेसेज उशिरा येतात, वायफायवरचा प्रिंटर यादीतून नाहीसा होतो. फोन हातात घेतला की सगळं पुन्हा सुरळीत. ॲक्सेस पॉइंटच्या इंटरफेसवर पॉवर सेव्ह बंद करायला गेलात तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असा एरर आला, म्हणून अडॅप्टर बदलावा का असं विचारताय.

कदाचित बदलावा लागेलही. पण ते ठरवण्याआधी तासाभराची तपासणी करा, कारण वरची तिन्ही लक्षणं वेगवेगळ्या कारणांनी येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी तो एरर. वायफाय सेटिंगच्या आयडब्ल्यू कमांडमधलं पॉवर सेव्ह हे क्लायंटसाठी, म्हणजे वायफायला जोडल्या जाणाऱ्या उपकरणासाठी असतं. इंटरफेस स्टेशन (म्हणजे क्लायंट) मोडमध्ये असेल तरच कर्नलमधला मॅक८०२११ हा वायफायचा भाग ते ऐकतो. एपी (म्हणजे ॲक्सेस पॉइंट) मोडमध्ये ते नाकारलं जाणं बरोबरच आहे, कारण ॲक्सेस पॉइंट झोपतच नाही. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्ह २ (म्हणजे बंद) लिहिण्याचा सल्ला सगळीकडे सापडेल. तो लॅपटॉप क्लायंट असेल तेव्हाचा आहे. तुमच्या बोर्डावर त्याने काही फरक पडणार नाही.

म्हणजे झोपतोय फोन, आणि झोपलेल्या फोनला नीट सांभाळणं हे ॲक्सेस पॉइंटचं काम आहे. तिथे कुठेतरी गडबड आहे.

हे काम कसं चालतं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फोनला रेडिओ बंद करायचा असतो तेव्हा तो एक रिकामी फ्रेम (वायफायवरचं पॅकेट) पाठवतो आणि तिच्यात पॉवर मॅनेजमेंटचा बिट १ करतो. ‘मी झोपतोय, माझं काही आलं तर राखून ठेव’ असा त्याचा अर्थ. ॲक्सेस पॉइंट मग त्याच्या नावाची पॅकेटं हवेत न सोडता मेमरीत ठेवतो आणि प्रत्येक बीकनमध्ये (ठरावीक वेळाने स्वतःची हजेरी सांगणाऱ्या फ्रेममध्ये) टीआयएम नावाचा एक तक्ता पाठवतो. कोणाकोणासाठी माल थांबलाय ते त्यात बिटांनी लिहिलेलं असतं. फोन ठरावीक वेळाने उठून फक्त बीकन ऐकतो, आपला बिट लागलेला दिसला तर पीएस-पोल ही मागणीची फ्रेम पाठवून किंवा पॉवर मॅनेजमेंटचा बिट ० करून आपलं सामान मागून घेतो.

ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी) आणि मल्टिकास्ट (एका गटासाठी) फ्रेमची तऱ्हा वेगळी. तिथे मागण्याची सोय नाही. जोडलेल्यांपैकी एक जरी क्लायंट झोपलेला असला तरी ॲक्सेस पॉइंटने अशा सगळ्या फ्रेम रोखून धरायच्या आणि डीटीआयएम बीकन (मधून मधून येणारा खास बीकन) गेल्या गेल्या एकगठ्ठा सोडायच्या. होस्टएपीडीत बीकन इंटरव्हल मुळात १०० टाइम युनिट, म्हणजे १०२.४ मिलिसेकंद असतो आणि डीटीआयएम पीरियड २, म्हणजे दर दुसरा बीकन डीटीआयएम. म्हणजे साधारण दर २०५ मिलिसेकंदांनी ही संधी येते. या फ्रेमना पोच मिळत नाही, त्या पुन्हा पाठवल्याही जात नाहीत. फोनने ती वेळ चुकवली की फ्रेम गेली, आणि ॲक्सेस पॉइंटला त्याचा पत्ताही लागत नाही.

एआरपीची, म्हणजे ‘या आयपीचा मॅक (हार्डवेअर पत्ता) कोणता’ ही विचारणा ब्रॉडकास्टनेच जाते. वायरवाल्या कॉम्प्युटरकडची फोनची एआरपी नोंद शिळी झाली, नवी विचारणा फोनपर्यंत पोचली नाही, की फोन ‘गायब’. फोन स्वतःहून काही पाठवतो तेव्हा नोंद परत भरते आणि सगळं चालू होतं. ‘काही मिनिटांनी’ हे तुमच्या तक्रारीतले शब्द मला इकडेच बोट दाखवताना दिसतात.

आता तपासणी. फोनऐवजी लिनक्सचा लॅपटॉप झोपलेला क्लायंट म्हणून वापरा. त्याचं पॉवर सेव्ह एका कमांडने चालू-बंद करता येतं. शिवाय अँड्रॉइड फोन स्क्रीन बंद असताना बराचसा मल्टिकास्ट स्वतःच गाळून टाकतो, तेव्हा फोनवर चाचणी केली तर दोष ॲक्सेस पॉइंटचा की फोनचा हे कळत नाही. लॅपटॉपवर पॉवर सेव्ह चालू करा आणि ॲक्सेस पॉइंटच्या बोर्डावरूनच त्याला सेकंदाला एक असं पिंग लावा. वायरवाल्या कॉम्प्युटरवरून आत्ता नको, म्हणजे वायर आणि वायफाय जोडणाऱ्या ब्रिजचा प्रश्न बाजूला राहतो. उत्तरं ३० मिलिसेकंद, ९५, १६०, पुन्हा ४० अशी वरखाली येतील. ते बघून घाबरू नका. लॅपटॉप दोन पिंगांच्या मधे झोपतोय आणि बीकनला उठतोय, एवढाच त्याचा अर्थ. मग रूट होऊन सेकंदाला वीस पिंग पाठवा. झोपायला फुरसतच न मिळाल्याने आकडे बहुतेक एक-दोन मिलिसेकंदांवर येतील. असं झालं तर युनिकास्टची (एकालाच पाठवलेल्या फ्रेमची) बाजू ठीक आहे आणि त्या दिरंगाईवर उपाय शोधत बसायचं कारण नाही. लोक इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

यानंतरची चाचणी माझ्या मते सगळ्यात मोलाची. वायरवाल्या कॉम्प्युटरवर क्लायंटच्या आयपी आणि मॅकची एआरपी नोंद हाताने, कायमची म्हणून घाला. मॅक पत्ता ॲक्सेस पॉइंटवरच्या आयडब्ल्यूच्या स्टेशन डम्पमधूनच (जोडलेल्या क्लायंटच्या यादीतूनच) घ्या, कारण आजकालचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. आता क्लायंटला शांत पडू द्या आणि तुमच्या फोनचा त्रास नेहमी ज्या वेळानंतर सुरू होतो तेवढा वेळ गेला की पिंग करा.

पिंग लागलं, पण नोंद काढून टाकल्यावर पुन्हा लागेनासं झालं, तर निदान झालं: युनिकास्ट पोचतंय, ब्रॉडकास्ट हरवतंय. टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) ब्रिजवर लावून ठेवलात तर विचारणा एकामागून एक जाताना दिसतील आणि उत्तर एकाचंही दिसणार नाही.

नोंद घालूनही पिंग लागलं नाही, तर स्टेशन डम्प बघा. क्लायंट यादीत आहे का? असेल तर पिंग चालू ठेवून ‘टीएक्स फेल्ड’चा (न पोचलेल्या फ्रेमचा) आकडा पाहा. तो भराभर वाढत असेल तर क्लायंट झोपलाय हे ॲक्सेस पॉइंटला कळलेलंच नाही आणि तो बंद रेडिओवर फ्रेम फेकतोय. आकडा हलत नसेल, तर फ्रेम राखल्या जातायत पण टीआयएममध्ये त्याची वर्दी लागत नाहीये, आणि काही सेकंदांनी त्या मुदत संपून टाकून दिल्या जातायत. ड्रायव्हर मॅक८०२११ वर चालणारा असेल तर डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींत) त्या स्टेशनच्या फ्लॅग्ज फाइलमध्ये ‘पीएस स्टा’ (क्लायंट झोपल्याची खूण) दिसतो का तेही बघता येतं, आणि राखून ठेवलेल्या मल्टिकास्ट फ्रेमची संख्याही तिथेच इंटरफेसखाली असते. रास्पबेरी पायच्या अंगच्या वायफायवर मात्र हे सगळं चिपच्या फर्मवेअरमध्ये घडतं, त्यामुळे तिथे या फाइली शोधू नका.

ब्रॉडकास्ट हरवत असेल तर संशयित पहिला तुमचा यूएसबी अडॅप्टरच. डीटीआयएम बीकन नेमका कधी गेला हे होस्टला वेळेवर कळलं तरच त्यामागोमाग फ्रेम सोडता येतात, आणि यूएसबीवरून ते कळणं अवघड असतं. रालिंकच्या चिपसाठीच्या आरटी२८०० ड्रायव्हरच्या सोर्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं: यूएसबी उपकरणांसाठी ब्रॉडकास्ट राखून ठेवण्याची सोय मुद्दाम चालू केलेली नाही, कारण त्या फ्रेम अनंतकाळ अडकून शेवटी टाकून दिल्या जाण्यापेक्षा लगेच हवेत सोडलेल्या बऱ्या. लगेच सोडल्या म्हणजे जागे असलेल्यांना मिळतात, झोपलेल्यांना नाही. म्हणूनच समोर बसून, स्क्रीन चालू ठेवून तपासलं की सगळं बरोबर चालतं.

यावर खात्रीचा उपाय दुसरा अडॅप्टर किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड. पण त्याआधी होस्टएपीडीचा ‘मल्टिकास्ट टू युनिकास्ट’ हा पर्याय १ करून पाहा. त्याने एआरपी, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ च्या मल्टिकास्ट-ब्रॉडकास्ट फ्रेम प्रत्येक क्लायंटला त्याच्या मॅकवर सुट्या पाठवल्या जातात. सुटी फ्रेम म्हणजे युनिकास्ट. ती राखली जाते, टीआयएममध्ये दिसते, पोच न मिळाल्यास परत पाठवली जाते. वीस-तीस क्लायंट असतील तर हवेतली गर्दी वाढेल, मोजके असतील तर जाणवणारही नाही. ड्रायव्हरने साथ दिली नाही तर होस्टएपीडी सुरू होतानाच लॉगमध्ये कुरकुर दिसेल.

डीटीआयएम पीरियड १ करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. चाचणीपुरता जरूर करा. त्याने लक्षणं बदलली तर क्लायंट काही डीटीआयएम चुकवतोय असं समजा. कायमचा ठेवायचा तर बॅटरीवरच्या उपकरणांना दुप्पट वेळा उठावं लागेल हे लक्षात असू द्या. बीकन इंटरव्हल मात्र १०० वरून हलवू नका.

मूळ कारण डोळ्यांनी बघायचं असेल तर दुसरा रेडिओ मॉनिटर मोडमध्ये (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकायला) त्याच चॅनेलवर लावून वायरशार्क या प्रोग्राममध्ये फ्रेम पकडा. तीन गोष्टी बघायच्या. क्लायंटची पॉवर मॅनेजमेंट बिट १ असलेली रिकामी फ्रेम गेली का. पिंग पाठवल्यावर पुढच्या एक-दोन बीकनांत त्याच्या असोसिएशन आयडीचा (जोडताना मिळालेल्या क्रमांकाचा) बिट टीआयएममध्ये लागला का. आणि बीकन एकमेकांपासून १०२.४ मिलिसेकंदांवर येतायत का. हवेत गर्दी असली की एखादा बीकन थोडा उशिरा निघतो, ते चालतं. पण बीकन सतत मागेपुढे सरकत असतील तर क्लायंट बरोबर वेळेला उठूनही त्याच्या कानावर काही पडत नाही. अशा अडॅप्टरला कॉन्फिगरेशनने सुधारता येत नाही.

आता क्लायंट यादीतूनच नाहीसा होत असेल तर. हा प्रकार वेगळा, आणि इथे होस्टएपीडीचा लॉग सरळ उत्तर देतो. निष्क्रियतेमुळे काढल्याचं लिहिलं असेल तर ‘एपी मॅक्स इनॲक्टिव्हिटी’ पाहा. मूळ किंमत ३०० सेकंद असते. तेवढ्या वेळात काही हालचाल झाली नाही तर होस्टएपीडी आधी एक रिकामी फ्रेम पाठवून विचारतं आणि पोच आली नाही तरच काढतं. म्हणजे इथे काढला जाणारा क्लायंट बहुधा टीआयएमच्या घोळाचाच बळी असतो. आकडा वाढवल्याने लक्षण लांबेल, रोग राहील. पोच न मिळाल्याच्या कारणाने काढल्याचं दिसलं तर ‘डिसअसोक लो ॲक’ (पोच न आल्यास काढणं) ० करून बघा.

बरोबर दर दहा मिनिटांनी फोन तुटत असतील तर डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ या दोन सुरक्षापद्धती एकत्र ठेवल्यात का ते आधी तपासा. एकत्र ठेवल्या की ग्रुप सायफर (ब्रॉडकास्टची सांकेतिक पद्धत) सहसा जुना टीकेआयपी होतो आणि मग होस्टएपीडी ग्रुपची किल्ली दर ६०० सेकंदांनी बदलतं. नुसत्या सीसीएमपी या नव्या सायफरवर हाच काळ ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. किल्ली बदलताना प्रत्येक क्लायंटला उठून उत्तर द्यावं लागतं. गाढ झोपलेला फोन चार विचारणांत उठला नाही तर बाहेर काढला जातो. डब्ल्यूपीए२ आणि सीसीएमपी एवढंच ठेवा, टीकेआयपी पूर्ण काढून टाका. सुरक्षेसाठीही ते काढायलाच हवं.

बोर्डाच्या बाजूची वीजबचतही एकदा नजरेखालून घाला. वीज वाचवणाऱ्या पॉवरटॉप प्रोग्रामचं ऑटो ट्यून बूट होताना चालत असेल तर ते यूएसबी उपकरणांचं पॉवर कंट्रोल ‘ऑटो’वर नेतं. अडॅप्टरसाठी ते ‘ऑन’ करा. कर्नलच्या बाहेरून घेतलेला रिअलटेकचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या मॉड्यूल पर्यायांत पॉवर मॅनेजमेंट आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हे दोन्ही ० करा. कर्नल लॉगमध्ये ‘अंडर व्होल्टेज’ची ओळ दिसली तर सगळ्यात आधी वीजपुरवठा बदला. अडॅप्टर जोरात ट्रान्समिट करताना व्होल्टेज पडत असेल तर वरच्या कुठल्याच चाचणीच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

प्रिंटरचं वेगळं सांगतो. तो एमडीएनएसने (स्थानिक नेटवर्कवर नाव शोधण्याच्या पद्धतीने) स्वतःची ओळख देतो, म्हणजे मल्टिकास्ट. तो झोपला आणि त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला नाही तर तो यादीत दिसणारच नाही, पण आयपी पत्ता देऊन छापायला पाठवलं तर एआरपी नोंद ताजी असेपर्यंत छापेल. तसं होत असेल तर तेही ब्रॉडकास्ट हरवण्याचंच लक्षण धरा. ईएसपी३२ या छोट्या वायफाय चिपवर बनवलेली उपकरणं असतील तर तीही स्टेशन मोडमध्ये मुळातच मोडेम स्लीप (रेडिओ मधून मधून बंद ठेवणं) वापरतात. त्यांना कायम वीज मिळत असेल तर कोडमध्ये स्लीप बंद करणं योग्य आहे. फोनवर तसं करायला जाऊ नका, त्याची बॅटरी त्या झोपेवरच दिवसभर टिकते.

अडॅप्टर बदलायची वेळ आलीच तर ज्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे आणि एपी मोडमध्ये नीट चालल्याचा अनुभव लोकांना आहे असाच घ्या. बोर्डावर जागा असेल तर एथ९के किंवा मीडियाटेकच्या एमटी७६ ड्रायव्हरवर चालणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड यूएसबीपेक्षा मी कधीही पसंत करेन. नवं बसवल्यावर कायमच्या एआरपी नोंदीची चाचणी परत करा, या वेळी नोंद न घालता. झोपलेल्या लॅपटॉपला अर्ध्या तासाने पहिल्याच फटक्यात पिंग लागलं, तर ब्रॉडकास्ट पोचतंय.