कानात बोळे घालण्याआधी

ताई, रोजचे आवाजही तुम्हाला सोसत नाहीत, कुकरच्या शिट्टीने डोळ्यांत पाणी येतं, हे नाटक नाही. आधी हे स्वतःला पटवा.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घरात दिवसभर इअरप्लग घालू नका. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. कान सतत बंद राहिले की मेंदू आतून आवाज वाढवून ऐकू लागतो. मग प्लग काढल्यावर भांडी घासण्याचा आवाजही सोसवत नाही. प्लग ठेवा खऱ्या गोंगाटासाठी: आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, राजवाड्यापाशी अडकलेली रिक्षा. घरी उलट पूर्ण शांतता टाळा. पंखा चालू असू द्या, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज, इतका मंद की चालू आहे हेही विसरून जावं.

दुसरं, ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. जाताना लिहून न्या: सगळेच आवाज मोठे वाटतात, की चहा भुरकण्यासारखे ठरावीकच आवाज चीड आणतात? पहिलं हायपरअक्युसिस, दुसरं मिसोफोनिया, उपचार वेगळे. तपासणीत आवाज हळूहळू वाढवा, हे आधीच सांगा.

घरच्यांना ‘आवाज करू नका’ म्हणू नका, कुणाला जमत नाही. ‘मिक्सर लावायच्या आधी हाक मारा’ म्हणा. सासूबाईसुद्धा ऐकतात! अचानक आलेला आवाजच जास्त लागतो. सकाळच्या कचरागाडीची वेळ ठाऊक असतेच, तेवढ्यापुरतं मागच्या खोलीत जा.

साउंड थेरपीची, म्हणजे कानाला सवय व्हावी म्हणून मंद आवाज ऐकवणारी यंत्रं वगैरे सध्या राहू द्या. मात्र अचानक ऐकू कमी आलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.