टर्बो डिझेल गाडीचा पिकअप गेलाय, मेकॅनिक टर्बोच बदला म्हणतोय. आधी काय तपासावं?

टर्बोची ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा.

तुमच्या प्रश्नातली लक्षणं पुन्हा मांडतो. चढावर गाडी ओढत नाही. इंजिन ३००० आरपीएमच्या वर जायला तयार नसतं. बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ गाडी पूर्वीसारखी पळते, मग जोरात पेडल दाबलं की परत तेच. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला आणि तेवढ्यावरून टर्बो बदलायचा निर्णय झाला.

यात सगळ्यात बोलकी गोष्ट आहे ती चावी फिरवल्यावर गाडी सुधारण्याची. पंखे झिजलेला किंवा बेअरिंग गेलेला टर्बो चावी फिरवल्याने बरा होत नाही. चावी फिरवल्यावर पुसला जातो तो इंजिनच्या कंट्रोल युनिटने घेतलेला निर्णय. मागितलेला बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट यांत ठरावीक फरक पडला की इंजिन वाचवण्यासाठी ते युनिट डिझेल कमी सोडतं. हाच लिंप मोड. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद-चालू केलं की तो निघतो, आणि मूळ दोष पुन्हा डोकं वर काढेपर्यंत गाडी ठीक चालते.

पी०२९९ चा अर्थ एवढाच की हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. तो का कमी पडला हे कोड सांगत नाही. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा भाग) पाइप फाटला असेल, टर्बोवर ताबा ठेवणारा व्हॅक्यूम गळत असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला वायू इंजिनात परत सोडणारी झडप) उघडाच राहत असेल, एक्झॉस्ट तुंबला असेल किंवा दाब मोजणारा सेन्सर चुकत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे, निदान तिथून सुरू होतं.

आधी पटकन होणाऱ्या गोष्टी उरकून घ्या. पेडलखाली मॅट अडकत नाही ना, स्कॅनरवर पेडलची टक्केवारी न अडखळता वाढते ना, एअर फिल्टर काजळीसारखा काळा झालेला नाही ना. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर पेडल पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. फेरफटका मारून आल्यावर एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. तुमची लक्षणं यांच्याशी जुळत नाहीत, पण हे तपासायला वेळ लागत नाही.

मग धूर बघा. पेडल दाबल्यावर काळा धूर येत असेल तर डिझेल पुरेसं पोचतंय आणि हवा कमी पडतेय. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी पडतंय किंवा युनिटने ते कमी केलंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. एक मात्र ध्यानात ठेवा, ज्या गाड्यांना डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी गाळणारा फिल्टर) आहे त्यांत काजळी फिल्टरमध्येच अडकते. तिथे काळा धूर दिसला नाही म्हणून हवेची बाजू निर्दोष ठरत नाही.

आता खरी तपासणी. गाडी चालवत असताना लाइव्ह डेटा रेकॉर्ड करायचा. न्यूट्रलमध्ये रेस देऊन बूस्ट बघण्यात काही अर्थ नाही, कारण इंजिनवर लोडच नसतो आणि टर्बोला दाब तयार करायचं कारण मिळत नाही. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्कॅनर सांभाळावा. मोकळा, थोडा चढाचा रस्ता निवडा, तिसरा गिअर टाका, १५०० आरपीएमला पेडल पूर्ण दाबा आणि ३५०० पर्यंत जाऊ द्या, किंवा लिंप मोड येईपर्यंत. रेकॉर्डमध्ये मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, टर्बो ॲक्च्युएटरची (टर्बोमधल्या पात्या हलवणारा भाग) टक्केवारी, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) आणि एअर मास सेन्सरचा (आत येणारी हवा मोजणारा) आकडा एवढं हवंच.

निघण्याआधी इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन ऑन करा आणि बूस्ट सेन्सरचा आकडा बघा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असायला हवा, समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, १००० मीटर उंचीवर सुमारे ९०. इथेच आकडा चुकला तर पुढचे सगळे आकडे फसवणार, आधी सेन्सर आणि त्याची वायरिंग बघा. बहुतेक स्कॅनर हा दाब वातावरणाच्या दाबासकट दाखवतात. म्हणून पूर्ण लोडवर साधारण २०० ते २५० किलोपास्कल दिसलं तर प्रत्यक्षात टर्बोने त्यातला १ ते १.५ बारच (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल) दिलेला असतो. हे माहीत नसल्यामुळे लोक "बूस्ट तर भरपूर आहे" असं समजून बसतात. शिवाय प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा, म्हणून तुलना करायची ती त्याच गाडीने मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाची.

ग्राफमध्ये मिळालेला बूस्ट सुरुवातीपासून मागे राहतोय आणि ॲक्च्युएटरला मात्र जास्तीत जास्त जोर लावायचा हुकूम जातोय, असं दिसलं तर हवा कुठेतरी गळतेय किंवा ॲक्च्युएटर हुकूम पाळत नाहीये. बूस्ट मागणीच्या वर उसळला आणि त्याच क्षणी ताकद गेली, तर टर्बोमधल्या हलत्या पात्या काजळीने अडकतायत. त्याचा कोड सहसा पी०२३४ असतो. आणि बूस्ट व्यवस्थित, पण रेल प्रेशर मागे पडतंय, तर हवेची बाजू सोडा आणि डिझेलकडे वळा.

तुमच्या कोडवरून मी पहिली शंका गळतीवर घेईन. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप हाताने चाचपून बघा, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. पाइप सहसा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला चिरतो. वरून बघितलं तर नव्यासारखा दिसतो. खालून बोट फिरवलं की तेलकट ओल लागते, त्यावर धूळ बसून काळी रेघ झालेली असते, आणि पाइप वाकवला की चीर ओठांसारखी उघडते. आयडलला ती बंदच असते, दाब आला की उघडते. म्हणून उभ्या गाडीत सापडत नाही आणि चढावर त्रास देते. पाइपच्या आत तेलाचा हलका थर असणं नॉर्मल आहे, तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊ नका. खात्री करायची तर पाइपचं तोंड बंद करून आत अर्धा ते एक बार हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, किंवा गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या.

पुढे ॲक्च्युएटर. तो व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर मदतनीसाला इंजिन चालू-बंद करायला सांगा आणि तुम्ही दांडीवर नजर ठेवा. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होताच दांडी एका झटक्यात ओढली जाते आणि बंद केल्यावर परत येते. ती अर्ध्यावर थांबली किंवा रखडत हलली तर दाबाचा काटा असलेल्या हातपंपाने थेट ॲक्च्युएटरलाच व्हॅक्यूम द्या. दांडी सहज हलली आणि काटा जागचा हलला नाही, तर ॲक्च्युएटर आणि पात्या चांगल्या आहेत, दोष त्याआधीच्या बारीक पाइपांत किंवा सोलेनॉइडमध्ये (व्हॅक्यूम सोडणारी विजेवरची झडप) आहे. काटा हळूहळू उतरला तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय. काटा स्थिर आहे पण दांडी अडखळते, तर पात्या जाम. त्यासुद्धा अनेकदा साफ करून सुटतात. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर हीच परीक्षा स्कॅनरवरून घेता येते.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, जिला दुसरीकडे नवा टर्बो बसवून झाला होता आणि त्रास तसाच होता. व्हॅक्यूमचा पेन्सिलपेक्षा बारीक पाइप एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर घासून झिजला होता. भोक ब्रॅकेटच्या बाजूला, त्यामुळे पाइप जागेवरून उचलल्याशिवाय दिसायचंच नाही. वीतभर नवा पाइप टाकला आणि गाडी मागितल्याइतका बूस्ट द्यायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार इतका सर्रास चालतो की मला त्याचा मनापासून राग येतो. गाडीमालकाला बिल दाखवलं जातं, पण आधी काय मोजलं ते कोणी दाखवत नाही.

पाइप आणि ॲक्च्युएटर दोन्ही ठीक निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह बघा. तो काजळीमुळे उघडा राहिला की जळलेला वायू इंजिनमध्ये परत येतो, ताज्या हवेची जागा खातो, आणि एअर मासचा आकडा पडतो. डीपीएफ असेल तर त्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक लाइव्ह डेटात दिसतो. आरपीएमबरोबर तो झपाट्याने चढत असेल तर फिल्टर तुंबलाय. काजळी जाळायला फिल्टरला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. गाडी फक्त जवळच्या जवळ फिरत असेल तर ते टिकत नाही, साफसफाई अर्धवट राहते आणि ते तापमान आणायला जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ती चांगली बातमी नाही, ऑइल लगेच बदला. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि फिल्टर का तुंबला हा प्रश्न तसाच राहतो.

डिझेलची बाजू थोडक्यात: पी००८७ कोड किंवा लोडवर पडणारं रेल प्रेशर दिसलं तर आधी डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी आणि पाइपमधून जाणारे हवेचे बुडबुडे बघा, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत मोजणं. त्यात एखाद्या इंजेक्टरची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली तर तोच दाब खातोय. चालू इंजिनात रेलचा नट सैल करू नका आणि गळती शोधायला हात फिरवू नका. तिथे १६०० ते २००० बारपर्यंत दाब असतो, सुईसारखी धार कातडीतून आत शिरते आणि जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी आतून गंभीर असते. असं झालंच तर तडक हॉस्पिटल गाठा.

टर्बो खरोखरच गेला असेल तर तो लपत नाही. लोडवर भोंग्यासारखा वाढत जाणारा आवाज, निळा धूर, घटणारं ऑइल. इनटेकचा पाइप काढून शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित प्ले चालतो, पण शाफ्ट आत-बाहेर हलत असेल किंवा पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा असतील तर बदलावाच लागेल. मग जुना का मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. ऑइल येण्याचा पाइप कार्बनने तुंबलेला असेल तर नव्याचीही तीच गत होईल. आणि निळ्या धुराचे लोट येऊ लागले तर गाडी चालवूच नका. सील फुटून ऑइल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं.

मेकॅनिककडे परत जाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा: लोडवरचा ग्राफ कुठे आहे, आणि ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम देऊन बघितलं का. उत्तरं नसतील तर ती तपासणी आधी करून घ्या. ग्राफ मिळाला की मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, त्या वेळचा आरपीएम आणि ॲक्च्युएटरची टक्केवारी इथे लिहा. सोबत ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवरचा आहे की इलेक्ट्रॉनिक तेही कळवा, म्हणजे पुढे काय उघडायचं ते नेमकं सांगता येईल.