दुर्मीळ क्षयाच्या प्रयोगात डिटेक्टर सुधारायचा म्हणजे वस्तुमान वाढवायचं, एवढंच ना?

‘एवढंच ना’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. प्रश्नकर्त्याने न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षयाचं (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात पण न्यूट्रिनो एकही नाही, असा अजून न दिसलेला क्षय) उदाहरण दिलंय: समस्थानिक जास्त घ्या, स्फटिक जास्त लावा, झालं काम.

गणित आधी उरकतो. १०० किलो निव्वळ जर्मेनियम-७६ घेतलं आणि अर्धायुष्य १० चा २७ वा घात इतकी वर्षं धरलं, तर दोन वर्षांत जेमतेम एक घटना मिळते. बॅकग्राउंड, म्हणजे इतर किरणोत्सारातून येणाऱ्या खोट्या घटना, शून्याजवळ असेल तर वस्तुमान दुप्पट केल्यावर पोच (किती लांब अर्धायुष्यापर्यंत शोधता येतं ते) दुप्पट होते. बॅकग्राउंड असेल तर वर्गमूळ आडवं येतं आणि चौपट वस्तुमानाने पोच दुप्पटच होते. तेवढाच फायदा बॅकग्राउंड पाव केल्यानेही होतो. जर्मेनियमच्या गर्डा प्रयोगाने चाळीसेक किलो डिटेक्टरांवर १.८ गुणिले १० चा २६ वा घात वर्षांची मर्यादा गाठली (अर्धायुष्य निदान इतकं तरी असणार), ती क्षय जिथे दिसायला हवा त्या २०३९ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या आसपास जवळपास शुकशुकाट होता म्हणून. उलट क्युओरे या दुसऱ्या प्रयोगात टेल्युरियम ऑक्साइडचे ९८८ स्फटिक, एकूण ७४२ किलो, तापमान १० मिलिकेल्विनच्या आसपास. आणि क्षयाचं शिखर ज्या ऊर्जेला दिसायला हवं तिथे मुख्य उपद्रव पृष्ठभागावरून सुटलेल्या अल्फा कणांचा.

हा पृष्ठभागच कोणी गांभीर्याने घेत नाही. हवेतला रेडॉन-२२२ पावणेचार दिवसांत निम्मा होतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. भ्यायचं त्याच्या नातवंडांना. शिसं-२१० डिटेक्टर धरणाऱ्या तांब्याच्या भागांवर बसलं की अर्धायुष्य २२ वर्षं, म्हणजे तुमचा प्रयोग संपेल, ते संपणार नाही. त्यातून बिस्मथ आणि मग पोलोनियम-२१०, १३८ दिवसांचं, ५.३ एमईव्हीचा अल्फा सोडणारं. तांब्यात हा अल्फा दहाएक मायक्रॉन जातो. किती खोलवरून निघाला त्यावर उरलेली ऊर्जा ठरते, त्यामुळे तो टेल्युरियमच्या २५२७ केईव्हीच्या जागीही येऊन बसतो. क्युओरेचे स्फटिक हे बोलोमीटर, म्हणजे कणाची ऊर्जा तापमानवाढीवरून मोजणारे. बोलोमीटरला मृत थर (कण पडला तरी नोंद न होणारा बाहेरचा भाग) नसतो, सगळं दिसतं. जर्मेनियमवर लिथियमचा मिलिमीटरभर थर अल्फा अडवतो, पण विद्युत सिग्नल घेणारा पातळ पी-प्लस संपर्क आणि त्याच्या कडेची खाच उघडीच असते.

क्लीनरूम आहे ना, असं उत्तर मिळतं. क्लीनरूमचा फिल्टर धूळ अडवतो. रेडॉन वायू आहे, तो आरपार जातो. घासलेलं टेफ्लॉन तर ऋणभारित होऊन रेडॉनची धनभारित पिल्लं अक्षरशः ओढून घेतं. पॉलिथिनच्या पिशवीतून रेडॉन झिरपतो. पिशवी नायलॉनची हवी, एकात एक दोन, आत द्रव नायट्रोजनच्या उकळीतून आलेला वायू.

तांबं धुण्याची रीत: आधी ग्रीस काढा, मग एक टक्का सल्फ्युरिक आम्ल आणि तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात बुडवा, अतिशुद्ध पाण्याने खळबळा, एक टक्का सायट्रिक आम्लात ठेवा म्हणजे पुन्हा काळवंडत नाही, नायट्रोजनने वाळवा. इथपर्यंत सगळे करतात. फसगत पुढे आहे. द्रावणात उतरलेलं पोलोनियम तांब्यावर परत चढतं. शिसं गेलं, पोलोनियम तिथेच. ते काढायला इलेक्ट्रोपॉलिशिंग लागतं. (जर्मेनियमवर मात्र साध्या एचिंगने, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग खरवडून, शिसं, बिस्मथ, पोलोनियम तिन्ही जातात.)

त्यामुळे धुतल्यावर लगेच अल्फा मोजून निकाल देणारे दोन्हीकडून चुकतात. एचिंगनंतर आकडा उतरला नाही म्हणून धुणं वाया गेलं असं नाही. शिसं निघालं असेल तर उरलेलं पोलोनियम १३८ दिवसांनी निम्मं होईल. आणि नुकताच हवेत राहिलेला तुकडा आज स्वच्छ दिसला तरी ते खरं नाही, कारण शिसं बसलंय आणि पोलोनियम अजून तयार व्हायचंय. साडेचार महिन्यांनी पोलोनियम वाढत कमाल पातळीच्या निम्म्यापर्यंत पोचतं. म्हणून प्रत्येक खेपेतला एक साक्षी तुकडा (फक्त मोजणीसाठीचा नमुना) बाजूला ठेवा आणि निदान सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजा. वेळापत्रकात हे सहा महिने नसतात, हेच माझं जुनं भांडण आहे. नव्या स्फटिकांना मंजुरी, साक्षी तुकड्याला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बाकीचे उपाय थोडक्यात. केबल, कनेक्टर आणि सोल्डर डिटेक्टरपासून लांब. ग्रॅमभर चुकीचं सिरॅमिक पुरतं. डिटेक्टरभोवती राखणीला ठेवलेल्या द्रव आर्गॉनची चमक १२८ नॅनोमीटरला असते, ती टिपता येईल अशा तरंगलांबीत बदलायला टीपीबी या रसायनाचा लेप. मॉलिब्डेनम-१०० घेतलं तर ३०३४ केईव्ही, म्हणजे बॅकग्राउंडमधल्या थॅलियमच्या २६१५ केईव्ही गॅमाच्या वर सुटका, आणि प्रकाश देणाऱ्या स्फटिकात अल्फा ओळखूही येतो. पण त्याचा नेहमीचा, न्यूट्रिनोंसह होणारा दुहेरी क्षय इतका वेगवान आहे की संथ बोलोमीटरमध्ये दोन स्पंदनं एकावर एक चढतात.

आता माझ्याविरुद्धचं. १० चा २८ वा घात इतक्या वर्षांची पोच गाठायची तर टनभर माल लागणारच. वेगवेगळ्या समस्थानिकांची अर्धायुष्यं सरळ तोलताही येत नाहीत. आणि वस्तुमानवाले मला नेहमी जपानमधला कॅमलँड-झेन प्रयोग दाखवतात: रिझोल्यूशन (ऊर्जा किती बारकाईने मोजता येते ते) यथातथा, झेनॉन ७४५ किलो, २०२४ मध्ये मर्यादा ३.८ गुणिले १० चा २६ वा घात. मान्य. फक्त त्या टप्प्यासाठी झेनॉन वाढवताना त्यांनी तो धरणारा २५ मायक्रॉनचा नायलॉनचा फुगाही नव्याने, आधीपेक्षा स्वच्छ बनवला होता, हे ते सांगत नाहीत.