कारीला वर्षातून दोनदा जाणाऱ्या पोलोचं सस्पेन्शन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ७२,००० किलोमीटर झालेले. वर्षातून दोनदा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला जाता. वळणात गाडी फार कलते आणि नाक बाहेर पळतं, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. लाखभर रुपये बाजूला काढलेत, तर ४० मिलिमीटर खाली करणाऱ्या स्प्रिंगा टाकायच्या की सरळ कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, घ्यायचे? शिवाय हीच गाडी रोज कोथरूड ते हिंजवडी जाते आणि शनिवारी आई मागे बसते.

या वर्षी दोन्ही घेऊ नका. आधी गाडीत झिजलेलं बदला, मग मूळ उंचीचेच पण चांगले शॉकअप टाका. स्प्रिंगांचा विचार त्यानंतर. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘खाली केली की गाडी चिकटते’ हा समज मी स्वतः बरीच वर्षं बाळगला आणि त्यापायी पैसेही घालवले.

आधी कलण्याबद्दल. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाईल ते ठरतं गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर यांवरून. तुमच्यासकट गाडी ११८० किलो धरा, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर, चाकांतलं अंतर १४६ सेंटीमीटर आणि जोर ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट. हिशोब येतो साधारण ४०० किलोचा. आता गाडी ३० मिलिमीटर खाली करा, हाच आकडा ३७८च्या आसपास येतो. म्हणजे फरक पडला २२ किलोचा. स्प्रिंग कडक केली तर हा एकूण आकडा हलतसुद्धा नाही, फक्त गाडी कमी कलते. पुढच्या जोडीने किती भार घ्यायचा आणि मागच्या जोडीने किती, ही वाटणी मात्र स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करणारा दांडा) बदलून बदलता येते. तुमची खरी तक्रार नाक बाहेर पळण्याची आहे, आणि तिचा संबंध या वाटणीशी, टायरांशी आणि कॅम्बरशी, म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती झुकलंय त्याच्याशी, आहे. कलणं तुम्हाला डोळ्यांना दिसतं म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे: वर स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, खाली चाकाला धरणारा एक लोअर आर्म. उभ्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असतो. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि त्याबरोबर रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडीचं नाक कलतं तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलवणारा जोर वाढतो. त्यामुळे गाडी दिसायला बुटकी होते, पण तिला कलण्यापासून रोखायला स्प्रिंग आणखी कडक लागते. त्यातच आर्म त्या कोनात असताना चाक आणखी वर गेलं तर कॅम्बर हवा तसा वाढत नाही, आणि टायर बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, उभा राहतो. दुकानात स्प्रिंग विकताना हे कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट मी अंगावर घेतलेली. माझ्या आधीच्या हॅचबॅकला मी कॉइलओव्हर टाकले आणि फोटोत छान दिसेल इतकी ती खाली केली. मद्रासच्या ट्रॅकवर, इरुंगट्टुकोट्टईला, एका वेगवान उजव्या वळणात मध्येच लहानसा उंचवटा आला आणि पुढचा बाहेरचा शॉकअप बम्प स्टॉपवर, म्हणजे तो पूर्ण दबू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळला. त्या क्षणी त्या चाकाची स्प्रिंग जवळजवळ दगड झाली, टायरने पकड सोडली आणि गाडी सरळ निघाली. बाहेर मोकळी जागा होती म्हणून बचावलो. घरी येऊन बघितलं तर बम्प स्टॉप अर्धे चेपलेले होते. मी सहा महिने स्प्रिंगवर नव्हे, त्या रबरावर गाडी चालवत होतो.

हे तुम्हाला फुकटात तपासता येतं. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सरकवून ठेवा. एक सेशन चालवा. टाय जिथे थांबली असेल तिथपर्यंत शॉकअप दबला होता. बम्प स्टॉपला टेकून चेपली गेली असेल तर ‘कडक’ वाटणारं जे काही होतं ते रबर होतं. उलट्या बसवलेल्या स्ट्रटला ही युक्ती चालत नाही, पण मूळ शॉकअपला चालते.

आता कामाचा क्रम. ७२,००० किलोमीटर आपल्या रस्त्यांवर झालेली गाडी आहे. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), टॉप माउंट आणि त्यातलं बेअरिंग, लिंक रॉड, बॉल जॉइंट, सगळं लिफ्टवर घेऊन पट्टीने हलवून बघायला सांगा. बुश फाटला असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि अलाइनमेंटचा कागद कितीही सुंदर असला तरी ट्रॅकवर उपयोग शून्य. एवढं सगळं नवं केलं तरी ‘गाडी बदलली’ असं वाटेल, इतका फरक पडतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ते दर दोन वर्षांनी आणि ट्रॅकला जायच्या आधी बदला, आणि पॅड चांगले टाका. थांबता येत नसेल तर सस्पेन्शनवर बोलण्यात अर्थ नाही.

टायरवर मात्र मन मोठं करा. तुमच्या गाडीला १८५/६० आर १५ आहेत. १९५/५५ आर १५ घेतले तर व्यास साडेसात मिलिमीटरच कमी होतो, म्हणजे मीटरमध्ये जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक, आणि त्या मापात चांगल्या पकडीचे टायर मिळतात. लाखातला पहिला मोठा वाटा इथे जाऊ द्या. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारा आणि सेशननंतर बघा. खडू किती खाली पुसला गेला त्यावरून हवा कमी की जास्त ते कळतं. गरम झाल्यावर हवा पाच-सहा पीएसआय वाढते, म्हणून पिटमध्ये परत येताच मोजून कमी करा. आणि परतीच्या प्रवासाआधी भरायला विसरू नका. कोइम्बतूर ते पुणे जवळपास १२०० किलोमीटर आहे, तेही सामान लादून. हा आकडा सस्पेन्शन निवडतानाही डोळ्यांसमोर ठेवा: ट्रॅकवर दिवसाला तुम्ही फार तर शंभर-दीडशे किलोमीटर चालवाल, जाता-येता २४००.

आता मूळ विषय, शॉकअप. शॉकअप गाडीला कलण्यापासून रोखत नाही, ती किती पटकन कलते आणि किती पटकन स्थिरावते ते ठरवतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि गाडी अर्ध्या क्षणाने वळते, किंवा ब्रेक सोडल्यावर नाक वर-खाली डुलतं, हा थकलेल्या शॉकअपचा अनुभव आहे, आणि ‘फार कलते’ या वाक्यात बहुतेक तोच दडलेला असतो. बिल्स्टाइनचे बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आहेत, बी८ आखूड असून खाली केलेल्या गाडीसाठी आहेत. दोन्ही मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये रिबाउंड, म्हणजे शॉकअप परत लांब होतानाचा विरोध, बदलता येतो. मी तुमच्या जागी बी६च्या जातीचं काहीतरी घेईन आणि मूळ स्प्रिंगा ठेवीन. खरेदीआधी चॅसी नंबरवरून पार्ट जुळवून घ्या, कारण आपल्याकडची पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. तिकडची ‘३० मिलिमीटर खाली’ लिहिलेली स्प्रिंग इकडे लावली की गाडी त्याहून जास्त खाली बसते, आणि मग सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधकच शत्रू होतो.

कडकपणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. पुढच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो धरा. रोजच्या आरामदायी गाडीची उसळण्याची गती सेकंदाला १.३ वेळा असते, त्यासाठी चाकापाशी सुमारे २० न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. चांगली स्पोर्टी रोड-कार १.८ला असते, त्याला ३८ लागतात. गती अर्ध्याहून कमीच वाढली, पण स्प्रिंग जवळजवळ दुप्पट झाली. बाजारात कॉइलओव्हरला सर्रास ‘सहा किलोची स्प्रिंग’ येते. सहा किलो प्रति मिलिमीटर म्हणजे चाकापाशी साधारण ५३ न्यूटन, आणि गती २.१. गुळगुळीत ट्रॅकवर ती छान वाटते. चांदणी चौकाकडून पावसाळ्यात येताना मागच्या सीटवर आई असेल तर मणक्याला विचारा. शिवाय खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीवर राहत नाही, म्हणजे पकडही कमीच.

कॉइलओव्हर घ्यायचेच असतील तर एक वर्ष थांबून घ्या आणि चांगले घ्या. केडब्ल्यूचं उदाहरण देतो, कारण त्यांची श्रेणी समजायला सोपी आहे: व्ही१मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२मध्ये उंची आणि रिबाउंड, व्ही३मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही. ज्याच्याकडे फेरीची वेळ मोजण्याचं साधन नाही आणि जो वर्षात दोनदाच जातो, त्याच्या हातात व्ही३चे सगळे खटके देऊन गाडी बिघडण्याचीच शक्यता जास्त. आणि ३२ क्लिकच्या, म्हणजे कडकपणाचे ३२ टप्पे असलेल्या, स्वस्त संचापासून लांब राहा. क्लिक किती आहेत याला महत्त्व नाही. डावा आणि उजवा एकाच क्लिकवर एकसारखे वागतात का, ते बघा.

नाक बाहेर पळण्यावर खरा इलाज कॅम्बरमध्ये आहे. कारखान्यातून पुढचा कॅम्बर उणे (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं) अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. उणे दीड ते दोन मिळाला तर बाहेरचा टायर वळणात सपाट टेकतो. पोलोत स्ट्रट नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) चिमट्यासारखा धरलेला असतो, म्हणून स्विफ्टसारखे दोन बोल्टपैकी एक बदलून कॅम्बर काढता येत नाही. वरची कॅम्बर प्लेट लागते, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवू देणारं माउंट. ती थोडा आवाज करते, हे मान्य करून घ्या. टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, शून्यावर ठेवा. रोजच्या वापरात टायर खातो तो बहुतेक वेळा चुकीचा टो, दीड अंशाचा कॅम्बर नव्हे.

मागच्या अँटी-रोल बारबद्दलही विचारलंत. पोलोच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पिळली जाणारी तुळई आहे, ती मुळातच बारचं काम करते. तिला जोडणारा जादा बार टाकला की भाराची वाटणी मागे सरकते, पुढचा बाहेरचा टायर सुटका पावतो आणि गाडी आतून वळते. ट्रॅकवर आतलं मागचं चाक उचललं गेलेलं दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते ताम्हिणीत, जुलैमध्ये, उतारावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा. ट्रॅकवर मदत करणारं तेच मागचं टोक तिथे बाहेर येतं. म्हणून बार घ्याल तर कमी कडक सेटिंगचा घ्या आणि पावसाळ्यात काढून ठेवता येईल असा.

एक कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही ठोकलं तर खर्च आपल्या खिशातून, हे धरून चाला. उंची मूळचीच ठेवा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

लाखाची वाटणी मी अशी करीन: बुश-माउंट आणि अलाइनमेंट, मग पॅड-ऑइल, मग टायर, आणि उरलेल्यातून शॉकअप. शॉकअपला थोडे पैसे कमी पडले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा, पण टायरांच्या पैशात काटछाट करू नका. पुढच्या फेरीहून आल्यावर चारही टायरांच्या खांद्यांचे फोटो, केबल टाय कुठे थांबली ते आणि अलाइनमेंटचा छापील कागद इथे टाका. पुढचा डावा टायर बाहेरून किती खाल्ला आहे ते बघून कॅम्बर प्लेट आधी की मागचा बार आधी, ते ठरवू.